पानगळीतली आरव्ही सहल: बेत रात्रीच्या गारठ्यावर आखा

पानगळीत डोंगरावर मुक्काम केला की दुपारी कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून निवांत बसता येतं. त्याच जागी पहाटे पाचला गाडीबाहेर लावलेला थर्मामीटर शून्याखाली गेलेला असतो. झाडांचा रंग खुलतो तो रात्रीच्या गारव्याने, आणि तोच गारवा जरा वाढला की आरव्हीच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीच्या, पाण्याच्या नळ्या फुटतात. म्हणून अंदाज बघताना आधी रात्रीचं किमान तापमान बघा, तेही जवळच्या शहराचं नाही, तर मुक्कामाच्या उंचीवरचं. दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंश सेल्सिअसने उतरतं. खालच्या गावात रात्री ५ अंश असले तर हजार मीटर वरच्या कॅम्पग्राउंडवर पाणी गोठेल असंच धरून चाला.

रंग कधी धरतील याचं गणितही इथूनच सुटतं. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच. हरितद्रव्य ओसरलं की तो उघडा पडतो, त्यामुळे पिवळा दरवर्षी बराचसा सारखा दिसतो. लाल मात्र त्या मोसमात नव्याने तयार होतो. दिवसा लख्ख ऊन असलं की पानात साखर बनते, रात्री गार पण शून्याच्या वर राहिली की ती पानातच अडकते आणि तिच्यापासून लाल रंग तयार होतो. ढगाळ, उबदार आठवडे गेले तर लाल फिका पडतो, आणि मधेच कडक हिम पडलं तर पानं करपून तपकिरी होतात. त्यामुळे ठरावीक तारखेला ठरावीक ठिकाणी पोचण्यापेक्षा उंचीचा मोठा फरक असलेला रस्ता निवडावा, हे माझं ठाम मत आहे. अमेरिकेतला ब्लू रिज पार्कवे याचं उत्तम उदाहरण. ७५५ किलोमीटरच्या या रस्त्यावर सर्वात खालचा बिंदू १९८ मीटरवर आणि सर्वात वरचा १८४५ मीटरवर आहे. वरचे उतार ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेटतात आणि मग रंग हळूहळू खाली उतरत जातो. महिन्याच्या शेवटी तळाशी गेलात तरी तो सापडतो. फक्त या रस्त्यावर २६ बोगदे आहेत. आपली गाडी एसी आणि अँटेना धरून किती उंच आहे ते टेपने मोजा आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा.

जागा निवडताना दरीच्या तळाचा, ओढ्याकाठचा प्लॉट कितीही मोहक वाटला तरी थांबून विचार करा. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली घरंगळते आणि तळाशी साचते. पन्नास-साठ मीटर वरच्या प्लॉटवर रात्र चांगली दोन-चार अंशांनी उबदार असू शकते. पूर्वेकडून ऊन येणारी जागा मिळाली तर सकाळी गाडी लवकर तापते आणि काचाही लवकर सुकतात. वर मान करून झाडही बघा: बाकीच्या फांद्यांना पानं असताना एखादी फांदी पूर्ण बोडकी असली तर ती बहुधा वाळलेली असते. तिच्याखाली गाडी लावू नये.

आता पाणी. गोठतो तो पहिल्यांदा बाहेरचा होस, म्हणजे कॅम्पग्राउंडच्या नळापासून गाडीपर्यंत पाणी आणणारा लवचिक पाइप. तो जमिनीवर उघडा पडलेला असतो, पातळ असतो आणि रात्रभर त्यातलं पाणी हलत नाही. पारा शून्याखाली जाणार असेल तर संध्याकाळीच गाडीतली पिण्याच्या पाण्याची टाकी भरून घ्या, होस काढा, त्यातलं पाणी ओतून टाका, गुंडाळून आत ठेवा आणि रात्री पंपावर पाणी वापरा. प्रेशर रेग्युलेटर (पाण्याचा दाब आटोक्यात ठेवणारं उपकरण) आणि बाहेर लावलेलं फिल्टरही होसबरोबर आत आणा. फिल्टरच्या प्लास्टिकच्या भांड्यात पाणी गोठलं की त्याला केसाएवढी चीर जाते, आणि ती दिसते दुसऱ्या दिवशी दाब आल्यावर. सिंकखालच्या कपाटांची दारं रात्री उघडी ठेवा, म्हणजे आतली उबदार हवा नळ्यांपर्यंत पोचेल. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह रात्री बंदच हवा. तो उघडा राहिला तर नळाचं थेंबथेंब पाणी बाहेरच्या पाइपात थराथराने गोठत जातं आणि सकाळी आत बर्फाचं बूच बसलेलं असतं. सांडपाण्याची टाकी भरू द्या, मग दुपारी ऊन असताना एकदम सोडा. जोराने वाहणारं पाणी तळाची घाणही घेऊन जातं.

बऱ्याच कॅम्पग्राउंडवर हिमाच्या भीतीने मोसम संपायच्या आधीच नळ बंद करतात. बुकिंग करतानाच विचारा: प्लॉटवर पाणी कोणत्या तारखेपर्यंत, आणि सांडपाणी सोडायची जागा कधीपर्यंत उघडी?

गॅस आणि बॅटरीचा हिशेब कागदावर मांडून निघा. ३०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं एकक) फर्नेस, म्हणजे गाडी गरम करणारी गॅसची भट्टी, सतत पेटलेली असेल तर तासाला साधारण ६३० ग्रॅम प्रोपेन जाळते. दहा तासांच्या थंड रात्री ती एक तृतीयांश वेळ चालली तर २ किलोच्या थोडा वर गॅस गेला. म्हणजे ९ किलोचं सिलिंडर नुसत्या उबेसाठी चार रात्री पुरेल. स्वयंपाक, गरम पाणी आणि गॅसवरचा फ्रिज धरला तर तीनच समजा. गॅस शुद्ध प्रोपेन आहे ना, हेही विचारून घ्या. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होत राहतं, ब्यूटेन शून्याच्या आसपासच थंडावतं. मिश्र गॅस असला की सिलिंडर हाताला जड लागतं, पण पहाटे ज्योत बारीक होत होत विझते.

फर्नेस गॅसवर चालत असली तरी तिचा पंखा बॅटरीवर असतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. मोठा पंखा ८ अँपिअरच्या आसपास ओढतो. सव्वातीन तास चालला तर २६ अँपिअर-तास गेले, त्यात दिवे, पंप, गॅसचा अलार्म आणि फ्रिजचा सर्किट बोर्ड धरून पस्तीस-चाळीस. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मेच वापरायचे, आणि शून्य अंशाला तिची ताकद आणखी पाचव्या हिश्शाने कमी होते. उरले चाळीस. जेमतेम एक रात्र. लिथियम बॅटरी खोलवर वापरता येते, पण तिचे सेल शून्याखाली असताना ती चार्ज करू नये. चांगल्या बॅटरीतलं सर्किट स्वतःच चार्जिंग रोखतं आणि मग सकाळी सोलरचे आकडे शून्य का दिसतात म्हणून माणूस चक्रावतो. ती बॅटरी गाडीच्या आतल्या कप्प्यात ठेवली की हा प्रश्न राहत नाही. पानगळीत सूर्य खाली असतो, दिवस लहान असतो आणि वर झाडं असतात. उन्हाळ्यातले सोलरचे आकडे इथे धरू नका.

निघायच्या आठवडाभर आधी फर्नेस अर्धा तास चालवून बघा. पहिली पाच-दहा मिनिटं धूळ जळल्याचा वास येणं ठीक आहे. पंखा फिरतो पण ज्योत पेटत नाही, तेव्हा आधी व्होल्टेज मोजा. पंख्याचा वेग पुरेसा नसेल तर झोताने दाबली जाणारी एक पातळ पट्टी आत असते ती सरकत नाही, आणि ती सरकल्याशिवाय गॅस सुटत नाही. व्होल्टेज ठीक असेल तर हवेच्या जाळ्या कपड्यांनी किंवा सामानाने झाकल्या नाहीत ना ते बघा. सिलिंडर नुकतंच बदललं असेल तर नळीत हवा असते. आधी शेगडी पेटवून ती काढून टाका. तरीही नाही पेटली तर उन्हाळ्यात गांधीलमाशीने बर्नरच्या नळीत मातीचं घर केलं असण्याची शक्यता मोठी.

शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही. कार्बन मोनॉक्साइड हे पहिलं कारण, आणि त्याचा अलार्म ठरावीक वर्षांनी निकामी होतो. त्याच्या पाठीवरची तारीख वाचा. दुसरं कारण पाणी. १ किलो प्रोपेन जळालं की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, आणि शेगडीचं ते सगळं गाडीच्या आतच राहतं. फर्नेसचा धूर बाहेर जातो, त्यामुळे तिने ओल वाढत नाही. तरीही दोन-तीन माणसांचा श्वास आणि संध्याकाळचा स्वयंपाक एवढ्यानेच पहाटे काचेच्या खालच्या कडेला थेंबांची रांग लागते. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर बोट फिरवलं तर बोट ओलं होतं, पडद्याची कड गार आणि जड लागते. गादीचा कोपरा उचलून बघा. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या बाजूला प्लाय दमट झालेला असेल तर चार दिवसांत तिथे काळे ठिपके येतील. उपाय साधा आहे: छताचं व्हेंट दोन बोटं आणि समोरच्या टोकाची एक खिडकी किंचित उघडी ठेवायची, गादीखाली हवा खेळेल अशी जाळी किंवा पट्ट्या टाकायच्या. गरम हवा वाया जाते म्हणून सगळं बंद करणं ही या मोसमातली सर्वात मोठी चूक.

स्लाइड-आउट, म्हणजे मुक्कामी भिंतीतून बाहेर सरकवलेला खोलीचा भाग, आत घेण्याआधी शिडी लावून तिच्या छतावर नजर टाका. ओलं पान पातळ असतं, रबराच्या सीलखालून सरकत आत जातं, तिथेच चिकटतं, आणि त्या एका पानाच्या कडेने पुढच्या पावसात पाणी आत झिरपतं. ओकची फळं तर सीलला चीर पाडतात. मऊ केसांच्या झाडूने सगळं खाली ओढा, मगच बटण दाबा. ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर) उघडी ठेवायची तर एक कोपरा खाली झुकवा, नाहीतर पानं आणि पाणी मधे साचून कापड पोटासारखं लोंबतं आणि दांडा वाकतो. ओली गुंडाळावी लागली तर पुढच्या कोरड्या दिवशी आठवणीने उघडून वाळवा.

टायरची हवा दर साडेपाच अंशांच्या घसरणीला साधारण दोन टक्के उतरते. उन्हाळ्यात भरलेली हवा पानगळीत कमीच असणार. सकाळी गाडी हलवण्याआधी, टायर गार असताना मोजा. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. खाच कितीही खोल दिसली तरी जुनं रबर ओझ्याखाली फाटतं. ओल्या पानांच्या थरावर ब्रेक लागायला वेळ लागतो, त्यामुळे उतारावर वरूनच खालचा गिअर टाका. हरणांचा माजाचा काळ याच महिन्यांत येतो आणि ती संधिप्रकाशात रस्त्यावर येतात, म्हणून दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोचावं.

उंदीरही याच दिवसांत ऊब शोधतात. पाइप आणि वायर जिथून गाडीत शिरतात त्या फटी तांब्याच्या जाळीने बुजवा. स्टीलची जाळी ओलीने गंजते.

शेवटच्या सहलीनंतर गाडी हिवाळ्यासाठी बंद करताना वॉटर हीटर आदल्या रात्रीच बंद करा. गरम आणि दाब असलेल्या टाकीचं बूच काढलं तर भाजतं. नळ उघडून दाब सोडा, टाकी आणि नळ्या रिकाम्या करा, फिल्टर काढा आणि हीटर बायपासवर टाका, म्हणजे त्याची टाकी वगळली जाईल, नाहीतर २०-२२ लिटर अँटिफ्रीझ (नळ्या गोठू न देणारा द्रव) फुकट त्या टाकीतच जाईल. पंपाची नळी गुलाबी, बिनविषारी अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये सोडा. गाडीच्या इंजिनाचं अँटिफ्रीझ विषारी असतं, ते इथे कधीच नाही. मग पंपापासून सर्वात जवळच्या नळापासून सुरुवात करून गार आणि गरम दोन्ही बाजू गुलाबी पाणी येईपर्यंत चालवा. शॉवर, संडासाचं फ्लश आणि बाहेरचा शॉवर विसरू नका; वसंतात फुटलेला सापडतो तो बहुतेक बाहेरचा शॉवरच. एरवी ८ ते १२ लिटर पुरतं. शेवटी प्रत्येक सिंकच्या आणि न्हाणीच्या जाळीत तेच अँटिफ्रीझ एकेक कप ओता, आणि सगळे नळ उघडे ठेवून दार लावा.