सिन्नर ते सिन्नर, व्हाया महापे

सिन्नरच्या एका हॉस्पिटलला रस्त्यापलीकडच्या लॅबचे रिपोर्ट उघडत नाहीत, ही तक्रार नवी मुंबईत बसलेल्या माझ्याकडे यावी, यातच खरं तर सगळं आलं.

मी महापे एमआयडीसीत एका इंटरनेट कंपनीच्या नेटवर्क विभागात काम करते. नाशिक, नगर, धुळ्याकडचे छोटे ब्रॉडबँडवाले आमच्याकडून बँडविड्थ, म्हणजे इंटरनेटची क्षमता, विकत घेतात आणि आपापल्या गावात घरोघरी देतात. त्या दिवशी जुलैचा पाऊस झोडपत होता. शिफ्टवर येऊन बसते न बसते तोच नाशिककडची लिंक पडली. आमच्या पोर्टवर लाइट पाहिला, तर उणे चाळीस. म्हणजे पलीकडून उजेडाचा टिपूसही येत नाही, फायबर तुटलेलं आहे. ज्या कंपनीची लाइन आम्ही भाड्याने घेतो, तिच्या माणसांनी शहापूरकडून ओटीडीआर, म्हणजे केबल किती अंतरावर तुटली ते सांगणारं यंत्र, लावलं आणि कट कसारा घाटात निघाला. दरडीची माती रस्त्यावर आली होती, ती उपसताना जेसीबीच्या दातात केबल सापडली.

पावसाळ्यात हे अधूनमधून होतंच. तक्रारीचं तिकीट नोंदवलं, ग्राहकांना मेसेज पाठवले. तुटलेलं फायबर जोडणारी, स्प्लायसिंगची गाडी वाहतुकीत अडकल्याचं कळलं, तेव्हा संध्याकाळ होणार हेही कळून चुकलं.

मग सिन्नरच्या आमच्या ऑपरेटरचा फोन आला. "ताई, बाहेरचं नेट नाही हे मला समजतं. पण हॉस्पिटल माझ्या लाइनवर आहे, लॅब त्या दुसऱ्याच्या लाइनवर आहे, आणि ती लॅब मला आत्ता खिडकीतून दिसतेय. दोघांकडे वीज आहे, दोघांच्या मशिनी चालू आहेत. मग रिपोर्ट का उघडत नाहीत? डॉक्टर ओरडतायत, वॉर्डबॉय छत्री घेऊन कागद आणायला पळतोय."

प्रश्न अगदी रास्त होता.

त्याचं उत्तर आमच्या इमारतीतच होतं. डेटा सेंटरमध्ये मीट-मी रूम, म्हणजे कंपन्यांनी आपापली नेटवर्क एकमेकांना जोडायची खोली असते. एकमेकांशी धंद्यात हाडवैर असलेल्या कंपन्या तिथे पिवळ्या पॅच कॉर्डने जोडलेल्या असतात. आमच्या पॅनेलवरून निघालेली अशी एक कॉर्ड वरच्या ट्रेमधून दोन रांगा ओलांडते आणि सिन्नरच्या त्या दुसऱ्या ऑपरेटरला बँडविड्थ देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलमध्ये उतरते. हॉस्पिटलमध्ये कुणी रिपोर्टवर क्लिक केलं की ती विनंती घोटीवरून घाट उतरून शहापूर, ठाणे करत महापेला यायची, ही कॉर्ड ओलांडायची आणि पुन्हा घाट चढून सिन्नरला, समोरच्या इमारतीत जायची. साडेतीनशे किलोमीटरचा फेरा, रस्त्याच्या दोन बाजूंसाठी.

हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. तेवढ्या अंतराला त्याला दोन मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. पिंग मारला, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजला, तर चार-पाच मिलिसेकंद दिसायचे, आणि त्यावर कोण तक्रार करणार? आमच्या क्षेत्रात लोक मिलिसेकंदांवर फार बोलतात. माझ्या मते महाराष्ट्रातल्या गावांचा मुख्य प्रश्न वेगाचा नाहीच. शेजाऱ्याकडे जायची वाटसुद्धा घाटातून जाते, हा तो प्रश्न आहे.

त्या दुसऱ्या ऑपरेटरचा पुरवठादार वेगळा, करार वेगळा, नकाशावरची रेषाही वेगळी. पण घाटात जागाच अरुंद, त्यामुळे दोन्ही कंपन्यांचे डक्ट, म्हणजे केबलच्या नळ्या, एकाच चरातून गेलेले. एका फाळाने दोन्ही गेले. मोबाइलचं नेट रडतखडत चालू होतं, तरी त्यावरूनही लॅबचा सर्व्हर उघडेना, कारण सर्व्हर ज्याच्या लाइनवर होता तो स्वतःच जगापासून तुटला होता.

मी म्हटलं, "दादा, त्या दुसऱ्याशी तुमचं बोलणं आहे का?"

थोडा वेळ तिकडून काहीच आलं नाही. मग म्हणाला, "ताई, त्याने गेल्या महिन्यात माझी अख्खी सोसायटी फोडली."

"असू दे. आज त्याचे ग्राहकही बोंबलतायत. त्याला फोन करा, म्हणावं एक केबल टाकू."

त्याने केला, हे मला आजही फार मोठं वाटतं. दोघांचे लाइनमन भर पावसात पोलवर चढले आणि एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात ड्रॉप केबल, म्हणजे घरोघरी देतात ती बारीक फायबर, ओढली. दोन्हीकडे दहा किलोमीटरपर्यंत प्रकाश पाठवणारे एसएफपी नावाचे छोटे मॉड्यूल कपाटात पडलेले होते, ते बसवले आणि लाइट आला. पुढचं काम माझं. आमच्या ऑपरेटरने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून मला त्याच्या मायक्रोटिक राउटरपर्यंत आत घेतलं. दुसऱ्याला मी फोनवर एकेक ओळ सांगत गेले. दोघांकडे स्वतःचे एएस नंबर (इंटरनेटवर नेटवर्कची ओळख सांगणारे क्रमांक) आणि आयपी पत्ते होते, त्यामुळे बीजीपी, म्हणजे आपल्याकडे कुठले पत्ते आहेत हे नेटवर्कनी एकमेकांना सांगायची पद्धत, सरळ लावता आली. फिल्टर मात्र मी दोनदा तपासायला लावले. एकमेकांना फक्त स्वतःच्या ग्राहकांचे पत्ते द्यायचे, वरून, पुरवठादाराकडून आलेले रूट (बाहेरच्या जगाच्या वाटा) द्यायचे नाहीत. हे सांभाळलं नाही, तर घाटातली लाइन जुळल्यावर एकाचा बाहेरचा ट्रॅफिक दुसऱ्याच्या विकत घेतलेल्या बँडविड्थवर जाऊन बसतो, आणि मग भांडण ठरलेलं.

दोघांमधलं बीजीपीचं सेशन सुरू झालं. हॉस्पिटलमधून लॅबच्या सर्व्हरला पिंग गेला, एक मिलिसेकंदाच्या आत परत आला. तिकडे फोनवर आरडाओरडा झाला. आणि तरीही रिपोर्टचं पान उघडेना.

याचं कारण शोधताना मला त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काहीतरी दिसलं. पानाचं नाव टाकलं की आधी त्या नावाचा आयपी पत्ता विचारावा लागतो, आणि तो सांगणारा डीएनएस सर्व्हर घाटाच्या खाली होता. शेजाऱ्याच्या घराचं दार उघडं होतं, पण त्याचा पत्ता विचारायलाही महापेला यावं लागत होतं. मग ऑपरेटरच्या राउटरमध्ये लॅबच्या नावासमोर तिचा पत्ता हाताने भरला, हॉस्पिटलच्या राउटरला डीएनएस म्हणून तोच राउटर दिला, आणि पान उघडलं. वॉर्डबॉयची पळापळ थांबली. बाहेरचं जग अजून बंदच होतं.

2003 च्या आधी आपल्या देशाची हीच अवस्था होती. दोन भारतीय कंपन्यांच्या ग्राहकांमधला ई-मेलही बऱ्याचदा परदेशात जाऊन परत यायचा, कारण इथे त्या कंपन्या एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. त्यावर उपाय म्हणून निक्सी हे राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज उभं राहिलं, आणि देशातला ट्रॅफिक देशातच एकमेकांना द्यायची सोय झाली. पुढे खासगी एक्स्चेंजही मुंबईत आली. समुद्राखालच्या केबली वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात, ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापेला डेटा सेंटर झाली, आणि ज्याला कुणाला भेटायचं तो इथेच येऊ लागला. सगळे इथे आहेत म्हणून नवा माणूसही इथेच येतो. त्यात चूक कुणाचीच नाही. पण देशाने परदेशातला जो फेरा टाळला, तोच फेरा सिन्नर, शहादा, उदगीर आजही महाराष्ट्राच्या आत मारतात. इथे बँडविड्थ स्वस्त झाली, ती गावापर्यंत वाहून न्यायचं भाडं मात्र पुष्कळदा बँडविड्थपेक्षा जड पडतं.

यावर मला हमखास ऐकवलं जातं की गावातल्या गावात ट्रॅफिक असतो तरी किती, लोक व्हिडिओच बघतात. आकड्यात ते खरं आहे. पण हॉस्पिटल आणि लॅब, शाळा आणि पालकांची घरं, बाजार समिती आणि अडत्याचं दुकान, यांच्यातला ट्रॅफिक किती जीबी आहे यावर त्याची किंमत ठरवायची नसते. शिवाय चार ऑपरेटर एका स्विचवर आले, की डीएनएस तिथे ठेवता येतो, आणि एकत्र ट्रॅफिक पुरेसा झाला तर व्हिडिओ कंपन्यांचे कॅश सर्व्हर, म्हणजे व्हिडिओची प्रत जवळच साठवणारे सर्व्हर, मागायलाही तोंड राहतं. सुरुवातीला त्यासाठी एक स्विच, बॅटरी आणि एकमेकांवर थोडा भरवसा एवढंच लागतं.

घाटातली लाइन रात्री उशिरा जुळली. ती ड्रॉप केबल दोघांनीही काढली नाही. पुढे तिच्या जागी बारा कोअरची (बारा तंतूंची) चांगली केबल टाकली, पोलचं भाडं निम्मं-निम्मं वाटून घेतलं. सोसायट्या फोडणं चालूच आहे, त्यात मी पडत नाही. आता गावातला तिसरा ऑपरेटर जोडून घ्यायचं म्हणतोय, म्हणजे दोघांमधल्या केबलऐवजी स्विच हवा. तो कुणाच्या ऑफिसात ठेवायचा यावर एकमत होत नाहीये. मी त्यांना सुचवलंय की तिघांपैकी कुणाचीच नसलेली, जनरेटर असलेली एखादी खोली बघा. हॉस्पिटलच्या तळमजल्याचं विचारून झालंय. उत्तर यायचं आहे.