‘मॅडम, इथं सगळेच एक जूनचे’

जिल्हा कारागृहातला शिपाई हे सहज बोलून गेला. समोर उभ्या असलेल्या पोराला मी जन्मतारीख विचारली होती आणि त्यानं खाली मान घालून ‘एक जून’ असं उत्तर दिलं होतं. शिपाई काही खोटं बोलत नव्हता. आमच्या मराठवाड्यात लेकरू शाळेत घालायला आणलं की गुरुजी अंगाबांध्यावरून वर्ष ठरवायचे आणि तारीख एक जून टाकायचे. माझ्या वडिलांचीही तीच आहे.

मी जिल्हा बाल संरक्षण कक्षात कायदा तथा परिविक्षा अधिकारी आहे. शिक्षण वकिलीचं, पद कंत्राटी. पगार सरकार देतं म्हणून लोक मला सरकारी वकील समजतात, पण आरोप सिद्ध करायचं काम सहायक सरकारी अभियोक्त्यांचं आणि पोराची बाजू मांडायचं काम लोक अभिरक्षक कार्यालयातल्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या, वकिलांचं. माझ्या वाट्याला येतात ते या दोघांच्या मधले प्रश्न. पोरगं कुठलं आहे, घरी कोण आहे, आणि अठराच्या आतल्या आरोपी मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळानं उद्या सोडलं तर त्याला न्यायला कोण येणार. नोकरी लागली तेव्हा हा शेवटचा प्रश्न मला किरकोळ वाटला होता.

बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. म्हणून जिल्हा आणि गाव सांगत नाही, काही तपशीलही बदलले आहेत. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला एक तांडा, एवढं पुरे.

नोव्हेंबर 2024, विधानसभेच्या मतदानाआधीचा सोमवार. मोठ्यांच्या तुरुंगात कुणी अल्पवयीन तर अडकलेलं नाही ना, हे नेमानं तपासायची जबाबदारी बाल न्याय कायद्यानं मंडळावर टाकलेली आहे. त्या तपासणीला मी सोबत गेले होते. हा पोरगा ओळीत शेवटी उभा होता. ओठांवर नुसती लव. डाव्या करंगळीशी कोयत्याचा जुना वण. तांड्यातल्याच एका चोवीस वर्षांच्या माणसाबरोबर त्याला विहिरीवरची मोटार चोरताना पकडलं होतं. आधारवर जन्मसाल 2005 होतं, म्हणून पोलिसांनी वय एकोणीस लिहिलं. न्यायालयातही कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

‘आधारवर असं कसं?’ मी विचारलं.

‘मुकादमाकडं नाव लावायचं होतं मॅडम. दोन वर्षं वाढवली.’

आत येऊन त्याला अकरा दिवस झाले होते. सोबतचा माणूस तिसऱ्याच दिवशी सुटला, कारण त्याचा भाऊ सातबारा घेऊन जामीन राहिला. याचे आई-बाप दिवाळी होताच टोळीबरोबर कर्नाटकात ऊसतोडीला गेलेले. जामीन यालाही मंजूर होता, जामीनदार नव्हता.

मला अजूनही या गोष्टीचा राग येतो. अठराच्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचंच नाही, असं कायदा स्वच्छ शब्दांत सांगतो. ‘कोणत्या शाळेत होतास?’ एवढं जरी कुणी विचारलं असतं तरी हे अकरा दिवस टळले असते.

त्याच दुपारी मी लोक अभिरक्षक कार्यालयातल्या वकिलांकडं गेले. वयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर काढता येतो, त्यामुळं उशीर झाला याची भीती नव्हती. भीती होती कागदाची. कलम 94 मध्ये पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला आहे. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. या यादीत आधार नाही. वकील म्हणाले, ‘नुसती टीसी आणू नका.’ टीसी किंवा प्रवेश नोंदवहीचा उतारा म्हणजे या कलमातला दाखला नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये म्हटलेलं आहे. मुख्याध्यापकांच्या सहीचा स्वतंत्र दाखला हवा आणि सोबत मूळ जनरल रजिस्टर घेऊन स्वतः मुख्याध्यापकच आलेले बरे, असं ठरलं.

मंगळवारी तांड्यावर पोचले तर शाळेचं मतदान केंद्र झालेलं आणि मुख्याध्यापक दुसऱ्या तालुक्यात निवडणूक ड्यूटीवर. फोनवर म्हणाले, ‘मॅडम, मशीन ताब्यात घ्यायला रांगेत उभा आहे. गुरुवारी बोला.’

तो दिवस मग आजीपाशी गेला. बंजारा म्हातारी, घरात ती आणि दोन शेळ्या. पोराचा जन्म कधीचा म्हणून विचारलं तर तिला सगळं आठवत होतं. पोळा होऊन चार दिवस झाले होते, बाजरी निसवली होती, रात्रभर पाऊस होता आणि सुईण नदीपलीकडं अडकली होती. एवढं पक्कं सांगणारी माणसं मी कोर्टात क्वचित पाहिली आहेत. पण साल तिला सांगता येईना, आणि कायद्याला साल लागतं. तिच्यासमोरच बापाला फोन लावला. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. ‘उचल घेतलीय ताई. मधीच निघालो तर मुकादम सोडंल का? तुमीच बघा.’ त्याला मी काय बोलणार होते?

गुरुवारी सकाळी मुख्याध्यापक शाळेत आले. मशीन जमा करून पहाटे घरी पोचलेले, डोळे लाल. चहाही न घेता त्यांनी कपाट उघडलं. जनरल रजिस्टरचे कोपरे वाळवीनं खाल्लेले होते, पण आतलं पान शाबूत. निळ्या शाईत प्रवेश जून 2013, इयत्ता पहिली. जन्मतारीख अंकी, आणि तिच्याखाली अक्षरी, ‘एक जून दोन हजार सात’. पालकाच्या रकान्यात आजोबांचा अंगठा. मी बोट ठेवून दोनदा वाचलं. गुन्ह्याच्या दिवशी वय सतरा वर्षं पाच महिने. सरांनी तिथंच दाखला लिहिला, शिक्का मारला आणि म्हणाले, ‘उद्या येतो मी. हुशार होतं हो पोरगं.’

शुक्रवारी न्यायालयानं त्यांचा जबाब घेतला, रजिस्टर पाहिलं आणि चारच्या सुमारास आदेश झाला की हे बालक आहे, मंडळाकडं पाठवा. त्या दिवशी मंडळाची बैठक नव्हती. अशा वेळी एका सदस्यापुढंही हजर करता येतं, तसं केलं. रात्री तो निरीक्षणगृहात पोचला. वर्तमानपत्रं त्याला बालसुधारगृह लिहितात, गावात ‘रिमांड’ म्हणतात, आणि लहानपणापासून त्याच नावानं भीती घातलेली असल्यामुळं तो दारात पाय रोवून उभा राहिला. ‘इथून कोर्टात जायला बेडी नसते,’ एवढंच मी त्याला सांगितलं. मग आत गेला.

रविवारभर मी सामाजिक तपासणी अहवाल लिहीत बसले. सोमवारी मंडळापुढं आजी आली. न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक सदस्य एकाच टेबलाशी बसतात, पोरगं समोरच्या खुर्चीवर. ना पिंजरा ना उंच आसन. कलम 12 प्रमाणे जामीनदाराशिवायही सोडता येतं, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवता येतं. अभियोक्त्यांनी विचारलं, आई-वडील नसताना जबाबदारी कोणाची? मी म्हटलं, ‘आजीची, आणि देखरेख माझी.’ आजीचा अंगठा बंधपत्रावर उमटला तेव्हा शाई तिच्या मनगटापर्यंत गेली. ती तिनं पदराला पुसली आणि पोराचा दंड धरून थेट दाराकडं चालू लागली. कागद अजून व्हायचे होते, थांबवावं लागलं.

दर पंधरवड्याला मी तांड्यावर जात राहिले. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची, म्हणजे कायद्याच्या भाषेत किरकोळ गुन्हा. चौकशी चार महिन्यांच्या आत फेब्रुवारीत संपली आणि मंडळानं समज देऊन त्याला सोडलं. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, ‘मॅडम, भरतीत हे निघंल का?’ कलम 24 मी त्याला दोनदा समजावून सांगितलं. यामुळं कोणतीही अपात्रता लागत नाही. मान हलवली, पण विश्वास बसलेला दिसला नाही.

आता कारागृहात गेले की मी वय विचारतच नाही, आधी शाळा विचारते. त्यानंतर असे आणखी दोघं सापडले.

त्या पोरानं नववीत शाळा सोडली होती, म्हणून दहावीला बाहेरून बसायला त्याचा 17 नंबरचा फॉर्म आम्ही माझ्या टेबलावर भरला. आजी शेजारी बसून पुन्हा पोळ्याचं सांगत होती. त्यानं तारीख अंकी लिहिली, मग अक्षरी. ‘जून’चा उकार ऱ्हस्व काढला होता. रजिस्टरमध्ये दीर्घ आहे, उगाच फरक नको म्हणून मी तो त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतला.