न चढणारी दारू

गेल्या महिन्यात लालबागला चुलतभावाच्या मुलीची हळद होती. रात्री अकरानंतर गच्चीवर मुलांची बैठक बसली. बाकीच्यांच्या जिभा जड झाल्या असताना चुलतभावाचा तेवीस वर्षांचा मुलगा मात्र रश्श्याचे भरलेले पातेले दोन्ही हातांत धरून तीन मजले उतरला आणि त्याने एक थेंबही सांडू दिला नाही. "पोरगा पक्का आहे, कितीही पाजा, चढत नाही त्याला," असे एक वडीलधारे नातेवाईक कौतुकाने म्हणाले. मला त्या कौतुकाची भीती वाटली.

अमेरिकेतील सॅन डिएगोचे मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी साधारण विशीतल्या तरुणांना मोजून दारू दिली. त्यांतील काहींचे वडील व्यसनी होते, काहींचे नव्हते. रक्तातील दारूचे प्रमाण सारखे असूनही व्यसनी वडिलांच्या अनेक मुलांना ती कमी जाणवली आणि त्यांचा तोलही कमी गेला. सुमारे दहा वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हा ज्यांना दारू कमी चढत होती त्यांच्यातच व्यसनाचे प्रमाण जास्त आढळले. याचे कारण समजण्यासारखे आहे. 'आता पुरे' ही शरीराची सूचना ज्याला उशिरा मिळते, तो तेवढ्याच नशेसाठी जास्त पितो आणि हळूहळू जास्त पिणाऱ्यांच्याच संगतीत रमतो. हा गुण काही अंशी आनुवंशिक असतो. म्हणजे आपण ज्याला पुरुषाची ताकद समजतो, ती पुष्कळदा घराण्यातून आलेली धोक्याची खूण असते.

याच्या अगदी उलट प्रकार पूर्व आशियात दिसतो. तेथे अनेकांत एका जनुकाचा असा प्रकार असतो की दारूपासून शरीरात तयार होणारे असिटाल्डिहाइड लवकर निकालात निघत नाही. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते, आणि माणूस पेला खाली ठेवतो. आई आणि वडील अशा दोघांकडूनही हा प्रकार मिळालेली व्यक्ती सहसा व्यसनी होत नाही. परंतु तो एकाकडूनच मिळालेल्यांचे जपानमधील व्यसनी रुग्णांतील प्रमाण १९७९ मध्ये २.५ टक्के होते, १९८६ मध्ये ८ टक्के झाले आणि १९९२ मध्ये १३ टक्के. तेरा वर्षांत एखाद्या देशाची जनुके बदलत नाहीत. बदलला तो पिण्याचा रिवाज, आणि निसर्गाने दिलेली ढालही त्यापुढे पुरी पडली नाही.

हे आकडे वाचताना मला आमचे काका आठवतात. आजोबा प्यायचे, काकाही प्यायचे. पण गिरणीत असताना त्यांचे पिणे पगाराच्या दिवसापुरते होते, कारण दुसऱ्या दिवशी भोंग्याला हजर राहावे लागे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत काकाही होते. हाताला काम नव्हते, दिवस संपता संपत नव्हता, आणि गल्लीतला गुत्तेवाला उधारीवर देत होता. दोन-तीन वर्षांत सकाळच्या उताऱ्याशिवाय त्यांचे हात स्थिर राहीनासे झाले. चहाची बशी ओठांपर्यंत नेता येत नसे, म्हणून ते ती जमिनीवर ठेवत आणि गुडघ्यांवर वाकून चहा पीत. काकू तेवढ्या वेळापुरती आम्हा मुलांना गॅलरीत पाठवत असे.

चाळीत सगळे म्हणत, "रक्तातच आहे." मग त्याच आजोबांच्या पोटचे माझे वडील, ज्यांची पालिकेतली नोकरी सुटली नाही, ते कसे वाचले? केवळ नोकरीमुळे, असेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण सख्ख्या भावांची वारशातली सरासरी निम्मीच जनुके जुळतात. कदाचित वडिलांच्या वाट्याला वेगळी आली असतील. जुळ्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ५० टक्के निघतो, पण तो आकडा समाजातील माणसामाणसांतल्या फरकाविषयी आहे. काकांचे अर्धे व्यसन आजोबांनी दिले आणि अर्धे संपाने, अशी वाटणी त्यावरून करता येत नाही. संप झाला नसता तर काका पगाराच्या दिवसापुरतेच पीत राहिले असते, असे मला मनापासून वाटते. आणि संपात होरपळलेले सगळेच काही गुत्त्यावर गेले नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

लग्नानंतर दोन दिवसांनी मी त्या मुलाला बाजूला घेतले. न चढण्याचा अर्थ सांगितला आणि इतरांचा पेला पाहून आपला हिशेब ठेवू नकोस, असे बजावले. तो जरा दुखावला. "आत्या, म्हणजे मला व्यसन लागणारच का?" असे त्याने विचारले. लागेलच असे नाही, पण तुला इतरांहून लवकर थांबावे लागेल आणि थांबायची वेळ झाली हे तुझे शरीर तुला सांगणार नाही, असे मी म्हणाले.

मग त्याने विचारले, आजोबा, म्हणजे आमचे काका, कशाने गेले. घरात त्याला पोटाच्या आजाराने गेले एवढेच सांगण्यात आले होते. मी त्याला बशीची गोष्ट सांगितली.