तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीत ‘स्केअरक्रो’च का?

इंडियानातल्या कोलंबसला माझ्या गाडीत बसणारा जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस विचारतो, की वर्ध्याकडच्या माणसाला हा अमेरिकन रॉक गायक जॉन मेलनकॅम्प कुठे भेटला आणि त्याचा १९८५ चा ‘स्केअरक्रो’ (म्हणजे बुजगावणे) हा एकच अल्बम तो किती वेळा ऐकणार. ‘ड्रम ऐका’, असे सांगून मी आजवर सुटत आलो. केनी अ‍ॅरोनॉफचा ठोका खरोखरच ऐकण्यासारखा आहे, पण ते उत्तर नव्हे.

मेलनकॅम्प इथून वीसेक मैलांवरच्या सीमोरचा. व्याजदर चढले, जमिनीचे भाव कोसळले आणि इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी लिलावात निघाल्या, त्या काळातला हा अल्बम. बुजगावण्यावर पडणाऱ्या पावसाचे पहिले गाणे त्याच रागाचे आहे. ते संपते न संपते तोच गायकाची आजी मिनिटभरही न टिकणारे एक जुने गाणे म्हणते, आणि लगेच छोट्या गावाचे कौतुक सुरू होते. राग, म्हातारा आवाज आणि कौतुक असे लागोपाठ आल्यामुळे मला त्या कौतुकावर कधीच पुरता विश्वास ठेवता आलेला नाही.

गडगंज गायकाने शेतकऱ्याचे दुःख विकले, हा तुमचा आक्षेप मला ठाऊक आहे. अल्बम अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, हेही खरे. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विली नेल्सन आणि नील यंग या गायकांबरोबर त्याने इलिनॉयमधल्या शँपेन गावी ‘फार्म एड’ हा शेतकऱ्यांच्या मदतीसाठीचा गाण्यांचा कार्यक्रम उभा केला, आणि ते काम पुढेही सोडले नाही. मी काय केले, ते सांगतो.

२००७ च्या मे महिन्यात मी पंधरा दिवसांच्या रजेवर गावी गेलो आणि आमची साडेचार एकर कोरडवाहू जमीन विकायला लावली. गाण्यात जमीन बँक घेते. आमच्याकडे पीककर्ज केव्हाच फिटले होते, बँकेचा तगादा नव्हता, तगादा माझा होता. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठ्याला लागलेली शाई केसांना पुसत बाबांनी घेणाऱ्याला विचारले, “यंदाचं सोयाबीन काढून ताबा दिला तर चालेल का?” तो गृहस्थ विचार करीत होता, कदाचित हो म्हणालाही असता. त्याच्या आधी मीच म्हणालो, “नाही बाबा, आता कशाला?” बाबांनी मान हलवली आणि पिशवीतला सातबारा काढून, पुन्हा घडी घालून, पिशवीतच ठेवला. माझे विमान चौथ्या दिवशी होते.

माझे चुकले, असे मी अजूनही म्हणणार नाही. बाबा एकाहत्तर वर्षांचे होते, कसायला कोणी नव्हते, पाऊस बेभरवशाचा होता. मात्र हा हिशेब मांडणाऱ्या त्या वेळच्या मला आज विचारावेसे वाटते, की एका हंगामाने तुझे काय बिघडणार होते? तो उलट विचारतो, की मग तू परत का नाही गेलास? आमचे भांडण तिथेच अडते.

हा अल्बम मी त्यानंतर ऐकला, सीमोरच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन असताना. अजूनही दर मे महिन्यात बाबा फोनवर विचारतात, “तिकडली पेरणी झाली का?” मी गाणे बंद करतो, गाडी कडेला घेतो आणि कोणत्या शेतात किती उगवले आहे ते त्यांना सांगतो.