दसरा चौक ते माणगाव : बोर्डिंगांच्या वाटेनं

कोल्हापुरात उतरलेला पाहुणा आधी अंबाबाईला जातो, मग मिसळीला आणि संध्याकाळी रंकाळ्यावर. त्यात गैर काहीच नाही. पण वेगवेगळ्या समाजांना एका कामाला जुंपायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे बघायचं असेल तर स्टँडवरून व्हीनस कॉर्नरमार्गे सरळ दसरा चौक गाठावा. चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पावसाळ्यात मात्र निघण्याआधी चौकशी करा. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी मागं तुंबतं आणि व्हीनस कॉर्नरचा रस्ताच बंद होतो.

चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे. दसऱ्याला सोनं लुटायला अख्खं शहर लोटतं ते इथंच. पुतळ्याकडे पाठ करून उभं राहिलं की खरं बघण्यासारखं दिसायला लागतं : मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायतांचा चित्रदुर्ग मठ, सगळं हाकेच्या अंतरावर. कठड्यावर वाळत टाकलेले टॉवेल, जिन्याखाली लावलेल्या सायकली, परीक्षेच्या दिवसांत पायरीवर बसून घोकंपट्टी करणारी पोरं. ही स्मारकं नव्हेत, नांदती वसतिगृहं आहेत. म्हणून आत जायचं तर रेक्टरांना आधी पत्र द्यावं आणि सकाळी अकरानंतर जावं. तेव्हा पोरं कॉलेजला गेलेली असतात, कार्यालय उघडं असतं आणि बोलायला माणूस भेटतो. खोल्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

बाहेरगावचा गट इथं आणला की पाट्या वाचून कुणीतरी हमखास कुजबुजतं, ‘ही तर जातवारी झाली की!’ शंका रास्त आहे. म्हणूनच मी इथली गोष्ट १९०१ पासून सांगत नाही, १८९६ पासून सांगतो. त्या साली महाराजांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं होतं. कागदावर दार सगळ्यांना उघडं होतं. पण कारभार ब्राह्मण मंडळींच्या हाती राहिला, आणि बघता बघता आत ब्राह्मण विद्यार्थीच उरले. ज्याच्या हाती किल्ल्या आणि स्वयंपाकघर, त्याचंच घर. नुसता ‘सर्वांना प्रवेश’ असा नियम करून भागत नाही, हे महाराजांना तिथं कळलं असावं.

मग त्यांनी डाव उलटा मांडला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि त्याच साली जैन बोर्डिंग. पद्धत साधारण ठरलेली होती. समाजातली चार जाणती माणसं गोळा करायची, त्यांची कमिटी करायची आणि वर्गणीला त्यांनाच हात घालायला लावायचा. संस्थानानं जागा आणि अनुदान द्यायचं. रोजचा कारभार कमिटीकडेच. पैसा नुसता वरून आला असता तर अनुदान आटल्याबरोबर कुलूप लागलं असतं. पदरची वर्गणी गुंतली की माणूस हिशेब विचारायला येतो. ही वसतिगृहं शतक उलटून टिकली, त्याचं मोठं कारण मला यातच दिसतं. काहींचा पसारा तर इतका वाढला की त्यांच्या शिक्षणसंस्था झाल्या. १९२० च्या प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंगची संस्था आज न्यू कॉलेज चालवते.

कमिटी जमलीच नाही तर? मुस्लिम समाजातून आधी कुणी पुढं येईना. महाराज थांबून राहिले नाहीत. काही मुस्लिम विद्यार्थ्यांची सोय त्यांनी मराठा बोर्डिंगमध्येच लावली, आणि १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी करून अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. बिगरमुस्लिम राजा मुस्लिम शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष, हे आज कुणाला सांगितलं तर दोनदा विचारतात. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. मिस क्लार्क म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांची मुलगी. हे नाव देण्यात मुत्सद्देगिरी होती, असं मला वाटतं. गव्हर्नरच्या लेकीच्या नावाच्या इमारतीला नाक मुरडायचं तर दोनदा विचार करावा लागणार.

चौकात उभ्या-उभ्याच १९०२ च्या जाहीरनाम्याबद्दलही सांगून टाकावं. २६ जुलै १९०२ ला करवीर गॅझेटात तो छापला गेला, तेव्हा महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० मागासलेल्या वर्गांना, एवढं सगळ्यांना पाठ असतं. माझ्या लेखी त्यातली महत्त्वाची दोन कलमं पुढची आहेत. ज्या कचेरीत हे प्रमाण ५० पेक्षा कमी, तिथली पुढची नेमणूक याच वर्गातून करायची. आणि प्रत्येक खातेप्रमुखानं नव्या नेमणुकांचं पत्रक दर तिमाहीला हजर करायचं. संस्थांची धोरणं मी वाचतो तेव्हा त्यात उद्दिष्टं भरपूर असतात, हे तिमाही पत्रक तेवढं नसतं.

तिथून बिंदू चौक चालत दहा-पंधरा मिनिटं. फुले आणि आंबेडकरांचे इथले पुतळे ९ डिसेंबर १९५० चे, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतले. पुढाकार भाई माधवराव बागलांचा. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळेंचं हॉटेल होतं. पागेत नोकरीला असलेल्या या दलित माणसाला पाण्याला शिवल्यावरून मारहाण झाली. महाराजांनी त्याला हॉटेल काढून दिलं, आणि पुढं स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले. सोबतच्या अधिकाऱ्यांना मग पर्यायच उरला नाही. इथं पाच मिनिटं पुरतात. पण नेतृत्वावर व्याख्यान द्यायची खुमखुमी असलेल्यांनी इथंच उभं राहून द्यावं.

दुपारनंतर माणगाव. मिरज लाइनवरच्या रुकडीजवळचं, हातकणंगले तालुक्यातलं हे गाव. आठ-दहा जण असाल तर सरळ गाडी ठरवावी. एसटीनं जाऊन त्याच दिवशी कुंभोजही करायचं म्हटलं तर वेळेचं गणित बसत नाही. माणगाव तेव्हा कागल जहागिरीत होतं. २१ आणि २२ मार्च १९२० ला इथं अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष भीमराव आंबेडकर, वय २८, नुकतेच सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी सोडलेले. (गंमत म्हणजे हे लॉर्ड सिडनहॅम मिस क्लार्कचेच वडील.) त्याआधी महाराज परळच्या चाळीत जाऊन त्यांना भेटले होते, त्यांच्या ‘मूकनायक’ पाक्षिकाला अडीच हजारांची मदत केली होती. माणगावात त्यांनी भर सभेत सांगितलं, की तुम्हाला तुमचा पुढारी तुमच्यातूनच मिळाला आहे. व्यासपीठ आपलं, पैसा आपला, वजनही आपलं, आणि पुढारीपण मात्र दुसऱ्याचं. भल्याभल्यांना जमत नाही ते इथं. स्मारक शांतपणे बघायचं असेल तर परिषदेच्या वर्धापनदिनाची गर्दी टाळून यावं.

आता ‘जातवारी’च्या त्या कुजबुजीचं उत्तर, आणि ते कुंभोजला मिळतं. भाऊराव पाटलांचा जन्म इथला, १८८७ चा. ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहायचे. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर अंघोळ करून आत ये म्हणून सांगण्यात आलं. त्यांनी ऐकलं नाही आणि बोर्डिंग सुटलं. समाजाचं स्वतंत्र छप्पर पोराला उभं करतं, पण त्याच छपराखाली विटाळही मुक्कामाला येऊ शकतो. जातवार बोर्डिंगांची ही उणीव खरीच होती, ती झाकून सांगू नये. भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एकच वसतिगृह. १८९६ ला जे फसलं होतं तेच, पण यावेळी स्वयंपाक आणि पंगत दोन्ही मुलांची एकत्र. १९२७ मध्ये गांधीजी तिथं आले, आणि त्या वसतिगृहाला नाव मिळालं शाहू महाराजांचं.

कुंभोजहून बाहुबली जवळच आहे. २८ फुटी मूर्ती बघायची असेल तर ऊन उतरल्यावर जावं, फरशीवर अनवाणी चालावं लागतं. कोल्हापूरला परतायला तास धरा, हातकणंगल्याच्या फाट्यावर संध्याकाळी ट्रॅफिक असतं.