उसना आवाज, आपला ठेका

इलेक्ट्रॉनिक संगीतात ॲम्बियंट (संथ, वातावरण उभे करणारे संगीत), लोकसंगीत आणि फंक (बेस व ठेक्यावर भर देणारी नाचती शैली) हे तिन्ही रंग एकत्र आणणारे गट १९९०च्या दशकात युरोपात एकामागून एक पुढे आले. त्यांच्यापैकी कोणाचेही ध्वनिमुद्रण ऐकताना माझे लक्ष आधी लोकगायकाच्या आवाजाकडे जाते. सिंथेसायझरवर रेंगाळणारे स्वर लावून तानपुऱ्यासारखे अखंड अस्तर तयार करता येते. समेवर ठाम पडणारी आणि पुढे मात्रांच्या फटींतून निसटत जाणारी बेसची चाल बसवली की फंकचा झोकही येतो. ही दोन्ही कामे स्टुडिओत बसून उरकतात. तिसऱ्या रंगासाठी मात्र कुणाचा तरी गळा लागतो, आणि तो बहुधा दुसऱ्याच खंडातला असतो.

एरिक मूके आणि मिशेल सांचेझ या फ्रेंच जोडीचा ‘डीप फॉरेस्ट’ हा गट या बाबतीत विचारात घ्यावाच लागतो. १९९२ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बममधील ‘स्वीट ललबाय’ जगभर गाजले. त्यातला आवाज सॉलोमन बेटांपैकी मलाइता येथील अफुनाक्वा या स्त्रीचा आहे. संगीत-अभ्यासक ह्यूगो झेम्प यांनी १९७०च्या सुमारास ती अंगाई ध्वनिमुद्रित केली होती आणि युनेस्कोच्या मालिकेतून १९७३ मध्ये ती तबकडीवर आली होती. बेगू भाषेतील त्या गीतात पोरके झालेले थोरले भावंड रडणाऱ्या धाकट्याची समजूत घालते. अल्बमच्या श्रेयनामावलीत अफुनाक्वाचे नाव नव्हते. शिवाय त्याचा सारा थाट मध्य आफ्रिकेतील पिग्मी लोकांचा असल्यामुळे हा आवाजही ऐकणाऱ्यांनी आफ्रिकेच्याच खात्यावर टाकला. पुढे नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांनी १९९६ मध्ये हीच चाल ‘पिग्मी ललबाय’ या नावाने वाजवली. (सॉलोमन बेटे पॅसिफिक महासागरात आहेत, नकाशा उघडायला फारसा वेळ लागला नसता.)

पंचाईत अशी की, संगीत म्हणून ‘स्वीट ललबाय’ फसलेले नाही. साथीविना गाणारी व्यक्ती आपल्या श्वासाप्रमाणे ओळ लांबवते किंवा आखडती घेते, तर सॅम्पलरमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणाऱ्या यंत्रात, तिचा तुकडा ठरावीक मात्रांतच बसवावा लागतो. डीप फॉरेस्टच्या जोडीने ठेका मध्यलयीत ठेवून आवाजाभोवती ऐसपैस जागा सोडली, त्यामुळे ही कात्री सहसा जाणवत नाही. पण जे हातचलाखीने साधले, त्यातच ती बाई दिसेनाशी झाली. १९९५च्या ‘बोहेम’मध्ये त्यांनी हंगेरीच्या मार्ता शेबेश्च्येन यांचा आवाज घेतला, तेव्हा निदान ‘मार्ताज साँग’ या शीर्षकातच गायिकेचे नाव आले. या अल्बमला ग्रॅमीही मिळाले.

लंडनच्या ‘ट्रान्सग्लोबल अंडरग्राउंड’ची वाट मला अधिक पटते. त्यांनीही सॅम्पल भरपूर वापरले, परंतु नताशा ॲटलस ही अरबी ढंगाने गाणारी गायिका अनेक वर्षे गटातच होती. १९९३च्या ‘ड्रीम ऑफ १०० नेशन्स’मध्ये बेस आणि तालवाद्यांची इतकी दाटी आहे की ॲम्बियंट अंग पुष्कळदा मागे पडते, आणि सफाईच्या बाबतीत तो अल्बम डीप फॉरेस्टच्या पासंगालाही पुरत नाही. तरीही तिथे गाणारी बाई ठेका ऐकून गाते, त्याला अडवते, कधी त्याच्यावर स्वार होते. तुकडा कापून बसवलेल्या गळ्याला एवढी मोकळीक कधीच मिळत नाही.