तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरच्या कापडावर काय लिहिलंय?

घरी येणारं प्रत्येक माणूस हॉलमधल्या त्या लाल-काळ्या कापडाकडे बघून विचारतंच, हा मंत्र आहे का? मंत्र कसला हो, कांगा आहे तो, टांझानियात दार-एस-सलामला राहत होतो तेव्हाचा. स्वाहिली बायकांचं रोजचं कापड, साधारण दीड मीटर लांब, जोडीने मिळतं, कापून-शिवून एक कमरेला आणि एक डोक्या-खांद्यावरून. खालच्या काठाच्या जरा वर मोठ्या अक्षरात एक ओळ असते, तिला म्हणतात 'जिना' (चढायचा नव्हे, जिना म्हणजे नाव), बरेचदा म्हण नाहीतर टोमणा. पूर्वी अरबी लिपीत छापायचे, आता रोमन.

नवीन होते तेव्हा नुसता रंग बघून एक घेतला आणि शेजारच्या मामाला दिला. तिकडे मामा म्हणजे आई, सवय व्हायला वेळ लागतो. तिने घडी उलगडली, ओळ वाचली आणि दारातच बसून हसत सुटली. 'म्धानियाये न्दिये सिये', म्हणजे तुझा जिच्यावर संशय आहे ती ही नव्हेच. आणि त्याच आठवड्यात तिची नवीकोरी बादली अंगणातून गायब झालेली!

तेव्हापासून आधी ओळ वाचायची, मग रंग. शेजारणीला, सवतीला जे तोंडावर बोलता येत नाही ते तिथे सरळ नेसून तिच्या दारावरून जायचं. आपलं लेकी बोले सुने लागे, फक्त मधे लेकसुद्धा नको.

'हाबा ना हाबा हुजाझा किबाबा' तर आपलं थेंबे थेंबे तळेच, फक्त तळ्याच्या जागी धान्याचं माप. पण माझी लाडकी म्हणजे 'म्गेनी सिकू म्बिली, सिकू या ताटू म्पे जेम्बे', पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल काढतात आणि चहा ठेवतात, यांनी थेट शेतात पाठवला. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे, त्यांनी 1962 मध्ये उजामाबद्दल (म्हणजे कुटुंबासारखं मिळून राबायचं, असा त्यांचा आफ्रिकी समाजवाद) लिहिताना हीच म्हण वापरली, वर म्हणाले की पाहुणा बहुधा त्याआधीच स्वतःहून कुदळ मागायचा. हे मात्र मला जरा जास्तच आशावादी वाटतं.

तर भिंतीवरचं. ती मामाची परतभेट. 'सिसी सोते आबिरिया, देरेवा नि मुंगू', आपण सगळे पॅसेंजर, ड्रायव्हर देव. माझ्या गाडीतून बाजारात जाऊन आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आणून दिला.